जुळ्यांच्या रिपोर्टवर वारेची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटात जुळी आहेत असे कळले की घरात पेढे येतात आणि कुणीतरी हमखास जोडकेळ्याची आठवण काढते. त्या आनंदात सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली एक ओळ कुणी शोधत नाही, आणि बऱ्याचदा ती तिथे नसतेच: दोन्ही बाळांची वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा, एकच आहे की वेगवेगळी. आरोग्य सेविका म्हणून उभी हयात काढलेल्या मलाही त्या ओळीचे मोल भाचीच्या बाळंतपणात कळले, म्हणून हे पत्र.

भाचीची पहिली सोनोग्राफी आठव्या आठवड्यात झाली. रिपोर्टवर ‘जुळी गर्भधारणा, दोन्ही ठोके व्यवस्थित’ एवढेच होते. त्यानंतरची सोनोग्राफी थेट पाचव्या महिन्यात झाली. तीत एका बाळाच्या हृदयात दोष दिसला आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “वार एक की दोन?” फाइल दोनदा चाळली, उत्तर मिळाले नाही. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे वार वेगवेगळी असेल तर त्रिकोणी उंचवटा दिसतो आणि एकच असेल तर पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ येऊन टेकतो. ही खूण 11 ते 14 आठवड्यांत स्पष्ट असते. पुढे ती पुसट होत जाते.

हा प्रश्न केवळ माहितीसाठी नव्हता. वार एकच असेल तर जुळी जवळपास नेहमीच एकाच फलित बीजापासून झालेली असतात. एकाच फलित बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये जन्मजात दोषांचे, त्यातही हृदयदोषांचे, प्रमाण एकेकट्या बाळांपेक्षा जास्त असते आणि बहुतेक वेळा दोष दोघांपैकी एकातच असतो. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यावर एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि अशा शंभरातल्या दहा ते पंधरा जुळ्यांमध्ये एकाचे रक्त दुसऱ्याकडे जाऊन दोघेही धोक्यात येतात. म्हणून त्यांची सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी आणि हृदयाची स्वतंत्र तपासणी करावी लागते. एका बाळाचा दोष जगण्यापलीकडचा असेल तर पुढे काय करायचे, तेही वारेवरच ठरते, कारण सामाईक वारेत एकाला दिलेले औषध दुसऱ्यापर्यंत पोचते.

बाळंतपणात ट्रेमध्ये वार एकच निघाली. दोन्ही मुली. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी भाचीला विचारले, “ग्रहणात सुईदोरा हातात घेतला होतास का?” हृदयाला छिद्र आहे, म्हणून सुई! ग्रहण लागायचेच असते तर ते शेजारी निजलेल्या दुसरीला का सोडून गेले, हे मी विचारले. त्यावर कुणी बोलले नाही, पण भाचीचे रडणे काही थांबले नाही.

गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचा धाक असल्यामुळे रिपोर्ट त्रोटक लिहिले जातात, असे काही जण सांगतात. 1994 च्या त्या कायद्याची मी पूर्ण पाठीराखी आहे. पण वारेची संख्या लिहायला त्यात कसलीही आडकाठी नाही. उलट, एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर जुळी वेगवेगळ्या बीजांची, म्हणजे वारही वेगवेगळी, हे उघड असते, पण ती खूण आपल्याकडे रिपोर्टवर येऊ शकत नाही, तेव्हा वारेची खूण नोंदवणे अधिकच गरजेचे ठरते.

जन्मजात दोष हुडकणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, आणि नातीच्या उपचारांत त्याचा आधारही मिळाला. पण तो बाळ जन्मल्यावर. त्याआधीसाठी सार्वजनिक आरोग्य विभागाने जुळ्यांच्या पहिल्या तिमाहीतील रिपोर्टवर वारेची नोंद बंधनकारक करावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिच्यासाठी जागा ठेवावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत आशाताईंनी आणि सेविकांनी जुळ्यांचा रिपोर्ट हातात आला की आधी ही नोंद पाहावी, आणि ती नसेल तर चौदावा आठवडा उलटण्याआधी बाईला पुन्हा सोनोग्राफीला पाठवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. सातारा