जीक्सनच्या गोलच्या पुढचं पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या क्रीडा पानावर फुटबॉलपटू जीक्सन सिंगवर अर्धं पान होतं, फोटो तोच, 2017 चा, दोन्ही हात पसरून पळतानाचा, आणि खाली मजकूर असा की वर्ल्डकपमध्ये गोल मारणारा भारताचा पहिला मुलगा, पण पुढे तशी चमक काही दिसली नाही बुवा. वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहायला बसलोय. चमक दिसली नाही म्हणजे नक्की काय दिसलं नाही? गोल? अहो तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर आहे, म्हणजे बचावफळीच्या पुढे मधोमध उभा राहून समोरच्यांची वाट अडवणारा, गोल मारणं हे त्याचं कामच नाही. तुम्ही विकेटकीपरला विचारता का की वर्षभरात विकेटी किती काढल्यास?

त्या गोलचंच घ्या आधी. 9 ऑक्टोबर 2017, दिल्लीचं नेहरू स्टेडियम, अंडर 17 वर्ल्डकप, समोर कोलंबिया. 82 व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला आणि हा सहा फुटांच्या वरचा सोळा वर्षांचा पोरगा हेडर मारून मोकळा झाला, 1-1. स्टेडियम अक्षरशः डोक्यावर घेतलं लोकांनी. आणि मग लगेच पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा मारला, आपण हरलो 2-1. तुमच्या लेखात हे दुसरं वाक्यच नाहीये! मला विचाराल तर तो दुसरा गोल जास्त शिकवणारा आहे, आपली सगळी टीम अजून आनंदात होती आणि ते सेंटरला बॉल ठेवून सरळ आपल्या बॉक्सपर्यंत आले. ही जी मधली जागा मोकळी सुटते ना, ती बंद करायची हेच जीक्सनचं पुढचं सगळं करिअर आहे.

बरं मुळात तो त्या टीममध्ये येणारच नव्हता. थौबलचा मुलगा, मणिपूरहून चंदीगडला मिनर्व्हा अकादमीत शिकायला गेलेला, सुरुवातीच्या निवडीत त्याला घेतलं नव्हतं. मग मिनर्व्हाची टीम भारताच्या शिबिरातल्या निवडलेल्या मुलांशी खेळली आणि पोर्तुगीज कोच लुईस नॉर्टन डी मातोस यांनी त्याला आत ओढलं. आई बाजारात भाजी विकायची हे तेव्हा सगळ्या पेपरांनी छापलं, तुम्ही पण परवा परत छापलंत. छापा, माझं काही म्हणणं नाही, पण पोरगा मैदानात कुठे उभा राहतो यावर एक ओळ तरी?

वर्ल्डकपनंतर काय झालं ते सांगतो, कारण लेखात सरळ उडी मारलीये. त्या बॅचची बरीच पोरं इंडियन अ‍ॅरोज या टीमच्या नावाने आय लीग या देशातल्या क्लबांच्या स्पर्धेत उतरवली, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पण होता त्यात, आणि सतरा-अठरा वर्षांची ही पोरं तिशीतल्या दांडग्या लोकांविरुद्ध खेळली आणि टेबलमध्ये तळाला राहिली. राहणारच की. पण मॅचेस मिळाल्या. 2018 ला जीक्सन केरळा ब्लास्टर्स या क्लबकडे गेला आणि तिथे लगेच सीनियर टीममध्ये नाही, आयएसएलमध्ये म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये पहिली मॅच थेट 20 ऑक्टोबर 2019 ला, कोचीत, कोलकात्याच्या एटीकेविरुद्ध. म्हणजे अख्ख्या देशाने ज्याला डोक्यावर घेतलं त्याला लीगमध्ये पाय ठेवायला दोन वर्षं लागली.

आता हे का, तर त्याचं उत्तर नियमात आहे, त्याच्या पायात नाही. तेव्हा आयएसएलमध्ये एका वेळी पाच परदेशी खेळाडू मैदानात चालायचे, आणि कुठलाही क्लब ते पाच कुठे लावणार? मधोमध. स्टॉपर (मधला बचावपटू), मिडफिल्ड, स्ट्रायकर. भारतीय पोरांच्या वाट्याला कडेच्या जागा, पुढे विंग आणि मागे फुल बॅक. त्यामुळे आपल्याकडे विंगर ढिगाने आणि मधला माणूस औषधालाही नाही अशी परिस्थिती. 2021-22 ला पाचाचे चार केले, आणि त्याच सीझनला ब्लास्टर्सच्या मिडफिल्डमध्ये जीक्सन आणि पुइतिया ही दोन भारतीय पोरं शेजारी शेजारी खेळत होती आणि टीम फायनलला गेली. पेनल्टीवर हरले हैदराबादकडून, ते सोडा. वीस वर्षांचा होता तेव्हा तो. याला चमक नाही म्हणायचं?

शिवाय कोविडमुळे 2020-21 आणि 2021-22 हे दोन्ही सीझन सगळे गोव्यात, आणि ती फायनल सोडली तर रिकाम्या स्टेडियममध्ये. 20 डिसेंबर 2020 ला ईस्ट बंगालविरुद्ध इंज्युरी टाईममध्ये त्याने हेडर मारून 1-1 केलं तेव्हा स्टँडमध्ये टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं. त्याचा फोटो तुमच्याकडे नसणार.

मी स्वतः एकदा स्टँडमध्ये बसून ठरवून वीस मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, फक्त याच्याकडे बघायचं असं केलं. सोपं नाहीये, मान आपोआप बॉलकडे वळते. पण जे दिसलं ते टीव्हीवर कधीच दिसत नाही. बॉल अजून दुसऱ्याकडे असतानाच हा दोनदा खांद्यावरून मागे बघून घेतो. डावा फुल बॅक वर पळाला की हा न सांगता डावीकडे सरकतो, तो परत आला की परत मध्ये. समोरच्या टीमचा दहा नंबर, म्हणजे हल्ला रचणारा खेळाडू, पास मागायला हात करतो आणि हा नुसता दोन पावलं बाजूला जाऊन उभा राहतो, पास येतच नाही. टॅकल नाही, फाऊल नाही, कुठल्याच आकडेवारीत काही नाही. शेजारचा एक जण म्हणाला, हा 25 नंबर काय करतोय, नुसता चालतोय! मी काही बोललो नाही, उगाच वाद.

मग 2021 च्या मार्चमध्ये ओमानविरुद्ध भारताकडून पहिली मॅच, 2023 ला खांद्याची दुखापत आणि त्यात आशिया कप हुकला, 2024 ला ईस्ट बंगालने मोठी फी मोजून नेलं. हे सगळं दोन ओळीत मावतं, पण तुमच्या अर्ध्या पानात नव्हतं.

माझी मागणी साधी आहे. आयएसएलच्या निकालाखाली गोल कुणी मारले एवढंच देता, तिथे एकवीस-बावीस वर्षांखालची कुठली भारतीय पोरं किती मिनिटं आणि कुठल्या जागेवर खेळली एवढं द्या. चार ओळींची जागा लागेल, राशिभविष्य थोडं बारीक टाईपात गेलं तरी चालेल.

आपला,
जुना वाचक

ता.क. त्याच लेखात वर जॅक्सन, मध्ये जिक्सॉन आणि फोटोखाली जेकसन असं छापलंय. तिन्ही चूक.