नानांच्या हातावरची पट्टी

सिस्टर,

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधांच्या पिशव्या, रिक्षा या धांदलीत तुमचे आभार मानायचे राहिले. नावही विचारलं नाही. म्हणून हे उघड पत्र.

आदल्या रात्री सलाईनची एक सुटत आलेली पट्टी मीच 'एकदाचं काय ते होऊन जाऊ दे' म्हणत खसकन वर ओढली होती. ऐंशी ओलांडलेल्या माणसाची कातडी ती. नखाएवढा पापुद्रा बरोबर आला. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, हे तेव्हा तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी उरलेल्या पट्ट्या तुम्ही काढल्यात. एका बोटाने कातडी दाबून धरलीत, पट्टीचं टोक उलटं दुमडलंत आणि हाताला लगटून मुंगीच्या चालीने मागे नेलंत. "वर नाही ओढायचं दादा, पाठीमागे न्यायचं." नाना पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही.

घरी टेबलावर सेलोटेप चिकटवली आणि ताणकाटा अडकवला. सरळ वर ओढताना काटा जिथे जातो, त्याच्या निम्म्याच्या आसपासच तो मागे नेताना राहिला. एक सेंटिमीटर पट्टी सुटायला ऊर्जा तेवढीच लागते. पण वर ओढताना हात एक सेंटिमीटर सरकतो, मागे नेताना दोन. काम तेच, अंतर दुप्पट, म्हणजे बल निम्मं. 'बल गुणिले विस्थापन' मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, हो! शिवाय मागे नेताना कातडी तंबूसारखी उचलली जात नाही. सावकाशीचंही तसंच. तो डिंक धड द्रव नाही, धड घन नाही. सवड दिली तर ओघळत सुटतो, घाई केली की ताठरतो आणि जास्त जोर मागतो. रीळ ओढताना होणारा चर्र आवाज म्हणजे पट्टीचं क्षणाक्षणाला अडकणं नि निसटणं.

(२००८ साली लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी निर्वातात असंच रीळ उलगडून क्ष-किरण मिळवले, त्यात बोटाचं हाडही टिपलं. वॉर्डात हवा होती, तेव्हा काळजी नसावी.)

नानांची जखम भरली. हातावर डिंकाची काळपट चौकट राहिली होती, ती तुम्ही सांगितलेल्या खोबरेल तेलाने दोन दिवसांत गेली.

आपला,
सात नंबरच्या खाटेवरच्या नानांचा मुलगा