महाराजांचा पुतळा हटवण्याची वेळच का येते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावरून वाद झाला की दोन्ही बाजूंची पत्रे आपल्याकडे येतात. एक बाजू म्हणते, पुतळ्याला हात लावाल तर खबरदार. दुसरी म्हणते, बेकायदा आहे तर हटवा. मी डिचोली तालुक्यातला. महाराज आमच्या घरात देवाच्या जागी आहेत. म्हणूनच मला वेगळाच प्रश्न पडतो आणि तो मी माझ्याच बाजूच्या लोकांना विचारतो आहे : महाराजांच्या नावाने पंचायतीची नोटीस निघावी, ही वेळ आपण येऊच का देतो?

२०२३ च्या जूनमध्ये कळंगुटला काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. पुतळा परवानगीशिवाय उभारला, असे म्हणत पंचायतीने तो हटवण्याचा आदेश काढला. शिवप्रेमी पंचायत कार्यालयावर चालून गेले, सरपंचांनी माफी मागितली, आदेश मागे घेतला गेला. आपल्यातल्या अनेकांनी तो विजय मानला. मला नाही वाटला. ज्या राजाने शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी आपल्या लष्कराला ताकीद दिली, त्याचा पुतळा जमाव जमवून टिकवावा लागला. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या शिवजयंतीला, दक्षिण गोव्यातल्या सां जुझे दि आरियलमध्ये महाराजांच्या पुतळ्यावरून गावात तणाव झाला आणि तिथे गेलेल्या मंत्र्यांनाही जमावाचा रोष सोसावा लागला. गावोगावी पोलीस बंदोबस्तात महाराजांना उभे करायचे, हा कसला मान?

कायदा मुळीच संदिग्ध नाही. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळा उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये बजावले आहे. किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामे पंचायतींना दिसत नाहीत आणि महाराज मात्र लगेच दिसतात, हा आपल्या पोरांचा राग मला समजतो. तो राग खराही आहे. पण त्याचा उपाय म्हणजे त्या बांधकामांविरुद्ध ग्रामसभेत उभे राहणे. रस्त्याकडेची घुमटी (छोटे देऊळ) असो, खुरीस (ख्रिस्ती क्रूस) असो की पुतळा, नियम सगळ्यांना एकच लावा, अशी मागणी आपण ताठ मानेने करू शकतो. पण त्यासाठी आधी आपले कागद नीट हवेत.

पुतळा हटवणे गोव्याला नवे नाही. पणजीच्या आझाद मैदानावर खांबांचा जो गोल मंडप आहे, त्यात एके काळी पोर्तुगीज सेनानी आफोंसो द आल्बुकर्कचा पुतळा होता आणि मैदानालाही त्याचेच नाव होते. नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर शहरातल्या मुसलमानांची कत्तल करवून ती हकिकत आपल्या राजाला अभिमानाने लिहून कळवणारा हा माणूस. गोवा मुक्तीनंतर त्याचा पुतळा तिथे राहणे शक्यच नव्हते. आज त्या मंडपात गोवा मुक्तीचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांच्या अस्थी आहेत. आल्बुकर्कचा भलामोठा ब्राँझचा पुतळा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रे ओळीने लावली आहेत. शाळेच्या सहलींची मुले त्यांच्यासमोरून जातात, कुणी घाबरत नाही, कुणी हात जोडत नाही. ज्याचे राज्य गेले त्याचा पुतळा चौकातून हलवणे हा न्याय होता. तीच ‘हटवा’ची भाषा महाराजांच्या बाबतीत ऐकावी लागते, आणि तीही आपल्या घाईमुळे, याचे मला फार वाईट वाटते.

आणि घाई काय करते ते शेजारच्या मालवणात दिसले. राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उघडला, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटवायचेही कुणाच्या मनात नव्हते.

महाराजांचे गोव्यातले खरे स्मारक पाहायचे तर आमच्या डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला, श्री सप्तकोटेश्वराच्या देवळात जावे. हा देव गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. दिवाडी बेटावरचे देऊळ आधी बहामनींनी पाडले, पुन्हा बांधलेले पोर्तुगिजांनी पाडले, आणि देव नदीपलीकडे नार्व्याला आला. १६६८ मध्ये महाराजांनी इथे देऊळ बांधायला घेतले. दारावर लहानसा शिलालेख आहे. शके १५९०, आणि शिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा आरंभ झाला, एवढाच मजकूर. ना तलवार, ना घोडा, ना उंचीची स्पर्धा. आत पैलू पाडलेले धारालिंग. साडेतीनशे वर्षे झाली, हा दगड हटवा असे कुणी म्हणाले नाही. राज्य सरकारने जीर्णोद्धार करून २०२३ च्या फेब्रुवारीत देऊळ पुन्हा खुले केले, ते चांगले झाले. पण पुतळ्यासाठी रात्र जागवणाऱ्या किती मुलांनी तो शिलालेख वाचला आहे?

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. फोंडा, डिचोली, पेडण्यात महाराजांची आठवण वेगळी आणि त्या काळी पोर्तुगिजांकडे असलेल्या बार्देश तालुक्यात वेगळी. पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेलेल्या देसायांच्या (स्थानिक वतनदारांच्या) पाठीवर १६६७ च्या नोव्हेंबरात बार्देशवर मराठ्यांची स्वारी झाली, तिची झळ गावांना आणि चर्चलाही लागली. कळंगुट बार्देशातच येते. तिथल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मनात काही असेल तर त्याला राष्ट्रद्रोही ठरवून भागणार नाही. त्याच्याशी बसून बोलावे लागेल, आणि त्यासाठी रविवारची ग्रामसभा ही हक्काची जागा आहे.

माझी मागणी साधी आहे. पुतळा हवा असलेल्या गावाने आधी ग्रामसभेत ठराव घ्यावा, जागेचा मालक, पंचायत आणि नगरनियोजन खाते यांच्या परवानग्या घ्याव्यात, मूर्तिकाराला पुरेसा वेळ द्यावा. चौथऱ्यावर राजकारण्यांच्या नावांची पाटी लावण्याऐवजी महाराजांचा या परिसराशी काय संबंध होता ते मराठी आणि कोकणीत लिहावे. आणि एखादा पुतळा हलवणे कायद्याने भागच असेल, तर तो रात्री क्रेन लावून उचलू नये. गावकऱ्यांसमोर, विधिवत, नवी जागा आधी तयार ठेवून हलवावा.

येत्या शिवजयंतीपूर्वी कोणकोणत्या पंचायतींकडे पुतळ्याचे अर्ज पडून आहेत आणि त्यावर काय निर्णय झाला, याची तालुकावार माहिती आपल्या वृत्तपत्राने मिळवून छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डिचोली