दारावरच्या बेलचं सगळं सविस्तर

लोकमान्य नगर, इंदूर
बुधवार, रात्र

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास की बाबांसाठी ती कॅमेरावाली बेल मागवतोय, कुठली घेऊ तेवढं नाव सांग, आणि मी ऑफिसात होतो म्हणून नंतर सांगतो म्हटलं. घरी येऊन विचार केला तर नुसतं नाव सांगून भागणार नाही असं वाटलं. आमच्याकडे ती बसवून आठ महिने झाले आणि बेल विकत घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. म्हणून हे लांबलचक लिहितोय, सावकाश वाच, आणि वाचून होईपर्यंत ऑर्डर टाकू नकोस.

आईचं मनगट मोडलं होतं ते तुला माहितेय, पण तो दिवस मी तुला नीट कधी सांगितला नाही. दिवाळी नुकतीच झाली होती, दुपारचे अडीच वाजलेले, आम्ही दोघं नोकरीवर, आई मागच्या खोलीत आडवी झालेली. बेल वाजली. आमचं घर तुला पाठ आहे, मागची खोली, स्वयंपाकघर, मधली खोली, मग बोळ, मग बाहेरची खोली, मग दार आणि त्यापुढे ओटल्याचं चॅनल गेट. गुडघ्यांमुळे तिला नुसतं उठायलाच मिनिट लागतं, तोवर दुसऱ्यांदा बेल, मग तिसऱ्यांदा, लागोपाठ. ती तशीच अनवाणी निघाली आणि बोळात फरशीवर पाय घसरला. कुरियरवाला होता, कोणी उघडेना म्हणून निघून गेला. फोन मागच्या खोलीत, ही बोळात, पंचवीस मिनिटं तशीच भिंतीला टेकून बसली, शेवटी शेजारच्या मावशी दही मागायला आल्या तेव्हा कळलं. दवाखान्यात प्लास्टर होत असताना मी जरा रागावूनच म्हटलं की अगं वाजू द्यायची होती बेल, गेला असता तर गेला असता. तर म्हणाली, "दारात कोणी ताटकळत उभं आहे म्हटल्यावर मला बसवत नाही रे."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. बाहेर कोण आलंय ते मला ऑफिसात मोबाइलवर दिसून तिला काय फायदा? तिला बसल्या जागेवरून "थांबा हां, येतेय" एवढं म्हणता यायला हवं, बस. म्हणून नुसती कॅमेरावाली बेल नाही, ती घरातल्या अलेक्साला, म्हणजे अॅमेझॉनच्या तोंडी हुकमावर चालणाऱ्या स्पीकरला, जोडायची असं ठरवलं. आई स्मार्टफोन वापरते पण चष्मा शोधा, फोन शोधा, अॅप उघडा, तेवढ्यात माणूस निघून जातो, आणि तोंडाने बोलणं तिला कधीही जमतं. अलेक्सा आपल्याकडे २०१७ मध्ये आली आणि २०१९ पासून हिंदी बोलते, आणि इंदूरच्या माणसाला हिंदीचं काय वावडं.

तर पहिली गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. विकत घेताना पुठ्ठ्यावर "अलेक्साबरोबर चालते" लिहिलेलं बघून घेऊ नकोस. त्याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की बेल वाजली की स्पीकर सांगतो, किंवा स्क्रीनवर चित्र दिसतं, पण तिथूनच बाहेरच्या माणसाशी बोलता येईल असं नाही, बोलायला परत त्या कंपनीचंच अॅप लागतं. काकांसाठी घ्यायची तर बोलणं दोन्ही बाजूंनी आणि थेट अलेक्साच्या यंत्रावरून होतंय का ते बघ, आणि यंत्र स्क्रीनवालं घे, इको शो सारखं. बिनस्क्रीनच्या गोल स्पीकरवर चेहरा कसा दिसणार? आम्ही ते आईच्या पलंगाशेजारी, पाण्याच्या तांब्याच्या उंचीवर ठेवलंय.

दुसरी गोष्ट वायरची, आणि इथे आमचं थोडक्यात वाचलं. मी तारेवर चालणारी बेल बघून ठेवली होती, मनात हिशोब असा की जुन्या बेलच्या दोन तारा आहेतच, बटण काढायचं आणि ही लावायची, व्हिडिओत तर दहा मिनिटांत लावतात. आमचे नेहमीचे वायरमन आले, त्यांनी पेटी उघडून त्यावरचे आकडे वाचले आणि मला म्हणाले, भिया, ये तो चौबीस वोल्ट वाली है, आपके स्विच में सीधा दो सौ तीस आ रहा है. अमेरिकेत घरात बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो १६ ते २४ व्होल्ट देतो, आणि त्या व्हिडिओतली बेल त्याच्यावर चालते. आपल्याकडे बेलच्या बटणात घरातलीच २३० व्होल्टची लाइन येते. ती सरळ जोडली असती तर बेल तर जळालीच असती, पण ओल्या हाताने कोणी बटण दाबलं असतं तर? पावसाळ्यात ओटल्यावर किती पाणी येतं तुला माहितेय. शेवटी मी बॅटरीवाली घेतली. दोन अडीच महिन्यांनी काढून चार्ज करावी लागते, तेवढं चालतं. काकांकडे तारेची हवीच असेल तर वायरमनकडून त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यायचा, त्याशिवाय नाही.

मग वायफाय. यात माझे दोन शनिवार गेले. आमच्या भिंती दीड फुटाच्या, राउटर मागच्या खोलीत, आणि दाराबाहेर ते लोखंडी चॅनल गेट. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, आणि या बेल बहुतेक फक्त २.४ वर चालतात, ते बरंच आहे कारण भिंतीतून तोच जास्त लांब जातो, पण हल्लीचे राउटर २.४ आणि ५ दोन्हीला एकच नाव देतात, आणि माझा फोन कायम ५ ला चिकटलेला, त्यामुळे जोडताना बेल "नेटवर्क सापडत नाही" एवढंच म्हणत राहायची. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांची नावं वेगळी केली तेव्हा पहिल्या झटक्यात जोडली गेली. मग चित्र अडकायला लागलं, माणूस बटण दाबतो आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं. अॅपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, उणे मध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. आमचा उणे ७९ होता. मधल्या खोलीत एक एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, लावला, उणे ५८ झाला, आणि चित्र स्वच्छ. आणि राउटर, एक्स्टेंडर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घे, नाहीतर लाइट गेली की सगळं मुकं.

अलेक्साला जोडणं खरं म्हणजे पाच मिनिटांचं. अलेक्साच्या अॅपमध्ये त्या बेल कंपनीचं स्किल (म्हणजे अलेक्सामधलं छोटं जोड-अॅप) चालू करायचं, ते तुला बेलच्या खात्यात लॉगिन करायला लावतं, तू हो म्हणालास की दोन्ही खाती जोडली जातात. पासवर्ड अलेक्साकडे जात नाही, फक्त एक परवानगी जाते. म्हणूनच पुढे कधी पासवर्ड बदललास आणि बेल अचानक अलेक्सावर दिसेनाशी झाली तर घाबरू नकोस, स्किल बंद करून परत चालू कर. जोडून झालं तरी आमची अलेक्सा गप्पच होती, बेल वाजतेय, फोनवर येतंय, आणि ही ढिम्म. शेवटी सापडलं, अलेक्साच्या अॅपमध्ये बेलच्या सेटिंगमध्ये "डोअरबेल प्रेस अनाउन्समेंट" म्हणून एक बटण असतं ते आधीपासून बंदच होतं. ते चालू कर. त्याच्याच खाली हालचालीचं अनाउन्समेंट असतं, ते मात्र बंदच ठेव. पहिल्या सकाळी मी दोन्ही चालू ठेवले होते, तर दूधवाला, पेपरवाला, मग महापालिकेची कचरागाडी गाणं वाजवत आली आणि अख्खी गल्ली डबे घेऊन बाहेर, अलेक्सा दर मिनिटाला दारात कोणीतरी आहे म्हणून सांगतेय. आईने अलेक्साची तारच काढून टाकली होती.

नावाचंही बघ. मी "फ्रंट डोअर कॅमेरा" ठेवलं होतं, आईच्या तोंडात ते बसेना. मग "गेट" केलं, तर आमच्याकडे गेटवरचा दिवाही अलेक्सावर आहे, "गेट लाइट" नावाने, त्यामुळे आई गेट दाखव म्हणायची आणि बाहेर दिवा लागायचा. शेवटी दिव्याला "अंगण" केलं आणि बेलला "गेट". आता "अलेक्सा, गेट दिखाओ" म्हटलं की दिसतं. आणि बोलायला तिला काही म्हणावंच लागत नाही, बेल वाजल्यावर चित्र येतं त्यावर माइकचं चिन्ह असतं, त्यावर बोट. मी पहिले चार दिवस ऑफिसातून घरी आलो की मुद्दाम बाहेर थांबून बेल दाबायचो आणि आत आवाज द्यायचो नाही. पाचव्या दिवशी स्पीकरमधून आवाज आला, "कोण आहे? बसा हां ओटल्यावर, मला वेळ लागतो." मी खरंच बसलो ओटल्यावर. डोळे भरून आले, तुला खोटं कशाला सांगू.

एक ध्यानात ठेव, बटण दाबल्यावर लगेच बोलणं येत नाही. बेल आधी इंटरनेटवरून आपल्या कंपनीच्या सर्व्हरला सांगते, तो अलेक्साच्या सर्व्हरला, मग ते परत आपल्या घरात, तर आमच्याकडे चार पाच सेकंद जातात. बाहेरच्याला वाटतं वाजलीच नाही आणि तो परत दाबतो. म्हणून बेलबरोबर येतो तो साधा टिंगटाँगवाला डबा पण बोळात लावलाय, तो लगेच वाजतो, आणि बटणाखाली मी कागद चिकटवलाय, हिंदीत, कृपया रुकें, घर में बुज़ुर्ग हैं. त्या कागदाने तंत्रज्ञानाइतकंच काम केलं.

आता ज्यासाठी मला तुला फोनवर अर्धवट सांगायचं नव्हतं ते. ओटला. संध्याकाळी पाच ते सात आमच्या ओटल्यावर आई, शेजारच्या मावशी आणि समोरच्या दोघी बसतात, तुमच्याकडे सुदामा नगरात काकांची बैठक असतेच. बेल लागल्यावर तिसऱ्या दिवशी मावशी आल्याच नाहीत. चौथ्या दिवशीही नाही. आईने मला सरळ विचारलं, आम्ही तिथे सुनांबद्दल, दुखण्याबद्दल, कोणाच्या घरच्या भानगडीबद्दल बोलतो ते सगळं कुठेतरी जमा होतं ना? आणि दोस्ता, होत होतं. हालचाल दिसली की ती चित्र आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड करते आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर राहतं. मी हा विचारच केला नव्हता याचं मला फार वाईट वाटलं. त्याच रात्री आवाजाचं रेकॉर्डिंग पूर्ण बंद केलं (आमच्या बेलमध्ये बोलणं त्यामुळे थांबत नाही, फक्त साठत नाही), पाच ते सात हालचालीचं रेकॉर्डिंग बंद राहील असं वेळापत्रक लावलं, आणि मावशींचं दार फ्रेममध्ये येत होतं तेवढ्या भागावर काळी पट्टी टाकली, प्रायव्हसी झोन म्हणतात त्याला. मग फोन घेऊन त्यांच्या घरी गेलो, मावशींना त्यांच्या दाराच्या जागी काळा चौकोन दाखवला, जुने सगळे व्हिडिओ त्यांच्यासमोर डिलीट केले. त्या काही बोलल्या नाहीत, आतून लसूण सेव आणली वाटीत. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ओटल्यावर होत्या. तू काकांकडे लावायच्या आधी शेजाऱ्यांना सांग, नंतर नको.

आणि ओटीपीवालं दोन टप्प्यांचं लॉगिन पहिल्याच दिवशी चालू कर. अमेरिकेत २०२३ मध्ये अशाच कॅमेरावाल्या बेल बनवणाऱ्या रिंग कंपनीवर तिथल्या सरकारी आयोगाने आरोप ठेवला होता की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खाजगी व्हिडिओ बघता येत होते आणि हॅकरही खात्यांत शिरले, त्यांनी ५८ लाख डॉलर देऊन ते मिटवलं. आपण दारावर काय टांगतोय त्याची जाणीव ठेवून टांगायचं.

उन्हाळ्याचं एक राहिलं. मे महिन्यात दुपारी माणूस दारापर्यंत आला तरी हालचालीची सूचनाच यायची नाही. बॅटरीवाल्या बेलमध्ये बहुतेक अंगाची उष्णता ओळखणारा सेन्सर असतो, आणि बाहेर ४० च्या वर गेलं की भिंत, फरशी, माणूस सगळं सारखंच गरम, तो काय ओळखणार. बटण दाबलं की मात्र बरोबर वाजते. बिघडली म्हणून परत करू नकोस.

अरे आणि एक तुला आवडेल असं. हे सगळं मुळात सुचलं कोणाला माहितेय का, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका नर्सला, मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नाव. तिच्या ड्युटीच्या वेळा विचित्र, नवऱ्याच्याही, घरी एकटी असायची, पोलीस वेळेवर यायचे नाहीत. १९६६ मध्ये तिने आणि नवऱ्याने पेटंटचा अर्ज केला, १९६९ मध्ये मिळालं. दाराला चार भोकं वेगवेगळ्या उंचीवर, मागे वर खाली सरकणारा कॅमेरा, खोलीत टीव्ही, दोन्हीकडून बोलायचा माइक, आणि बसल्या जागेवरून दार उघडायचं बटण. आईला सांगितलं तर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, एकटीला घरात राहावं लागलंय तिलाच हे सुचणार.

तर आता तू असं कर. काही मागवू नकोस. रविवारी सकाळी पोहे खाऊन मी आणि वायरमन काकांकडे जातोय, बेलच्या बटणात किती व्होल्ट येतात ते मोजतो, दारात उभं राहून फोनवर सिग्नल बघतो, आणि काका दिवसभर कुठल्या खुर्चीत बसतात ते काकूंना विचारतो, कारण स्क्रीन तिथेच लागेल, दाराजवळ नाही. त्यांच्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं ना, की डाव्या? तेवढं मात्र मला शनिवारपर्यंत कळव.

तुझा,
जुना बाकावरचा शेजारी