सईच्या डॉक्टरकीसाठी घर गहाण टाकू नका

सुरगाणा,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही म्हणालात की दादाच्या सईला डॉक्टरकी शिकायला परदेशी पाठवायचं म्हणून तिचा पासपोर्ट काढायला टाकलाय आणि घराची फाइल बँकेत दाखवून आलोय. मी ओपीडीत होतो, बाहेर रांग होती. "रात्री बोलतो" म्हणालो आणि दोन रात्री फोनच केला नाही. या विषयावर बोलायला लागलं की तुमचा आवाज चढतो आणि माझा बसतो, म्हणून लिहितोय. आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिचा चष्मा अजून बदललेला नाही, दादाने सांगितलं मला.

तुम्ही हॉटेलातल्या त्या कार्यक्रमातून आणलेलं माहितीपत्रक दादाने व्हॉट्सॲपवर पाठवलं. सहा वर्षांचे मिळून 28 लाख, सगळं शिक्षण इंग्रजीतून, भारतीय मेस, डोनेशन नाही, सीट थोड्याच उरल्यात. 2008 साली मला मिळालेल्या कागदावरही हेच होतं, आकडा तेवढा लहान होता. मी त्या कागदावर विश्वास ठेवून परदेशी शिकायला गेलो. आज मी डॉक्टर आहे, आणि तुम्ही माझंच उदाहरण सईला देता. म्हणूनच आजवर जे तुम्हाला सांगितलं नाही, ते आता सांगायला हवं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात न्यायला लागले. वर्गात इंग्रजीतून शिकवायचे, पण खाटेवरच्या माणसाला इंग्रजी कुठून येणार? तिथले लोक रशियन बोलायचे, आणि मला रशियन येत होतं ते "ग्द्ये बलीत?" म्हणजे कुठे दुखतंय, इतपत. एक सत्तरीची आजी होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली. तिने माझा हात धरला, स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "दावीत." मी विचारलं, "बलीत?" तिने मान हलवली. "नी बलीत. दावीत." मी वहीत लिहिलं, दुखत नाही. मागून आमच्या मॅडम आल्या, त्यांनी आजीचं एकच वाक्य ऐकलं आणि ताबडतोब ईसीजीचं मशीन आणायला पिटाळलं. दावीत म्हणजे दाबल्यासारखं होतंय. हृदयाचा त्रास असलेली माणसं पुष्कळदा दुखतंय असं म्हणतच नाहीत. आपल्याकडचा म्हातारा म्हणतो, छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय. आजी वाचली, पण माझ्यामुळे नाही. त्या रात्री होस्टेलच्या खोलीत मी बराच वेळ नुसता बसून होतो. सकाळी तुमचा फोन आला तेव्हा "मजेत आहे, बर्फ पडतोय" एवढंच सांगितलं.

नंतर मी भाषा शिकलो, रडतखडत. पण ज्या तीन वर्षांत रोग्याशी बोलून, त्याच्या पोटाला हात लावून शिकायचं असतं, त्या वर्षांत मी बहुतेक वेळा मागे उभा राहून बघत होतो. माझ्याबरोबरचे दोघे पहिल्या दिवसापासून रशियनच्या मागे लागले होते, ते आज माझ्यापेक्षा चांगले डॉक्टर आहेत. तेव्हा परदेशात शिकलेला तो कच्चा, असं मी म्हणणार नाही. पण माहितीपत्रकातलं "सगळं इंग्रजीतून" हे वाक्य वॉर्डाच्या दारापर्यंतच खरं असतं, हे मी अनुभवाने सांगतो.

बाबा, तुम्ही डॉ. कोटणीसांचा दाखला दिलात. आपल्या सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात तुम्ही मला लहानपणी नेलंत, सईलाही नेलंत. पण आठवून बघा. ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाले आणि मग 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथे गेल्यावर चिनी शिकले, त्या लोकांत मिसळले, तिथेच संसार केला आणि 1942 साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. ते शिकून गेले, हे आपण विसरतो. आपण सईला बारावी संपल्या संपल्या पाठवायला निघालोय.

आता परीक्षेचं. मी 2014 साली परत आलो तेव्हा तुम्हाला सांगितलं की रजिस्ट्रेशनच्या कागदपत्रांना वेळ लागतोय, तोवर दिल्लीत एका हॉस्पिटलमध्ये अनुभव घेतोय. हॉस्पिटल वगैरे काही नव्हतं. मी गौतमनगरला एका खोलीत तिघांबरोबर राहून एफएमजीईचा, म्हणजे परदेशात शिकलेल्यांना इथे रजिस्ट्रेशनसाठी पास व्हावी लागते त्या परीक्षेचा, अभ्यास करत होतो. 300 प्रश्न, 150 बरोबर आले की पास, वर्षातून दोनदा परीक्षा. डिसेंबरला मला 131 मिळाले, पुढच्या जूनला 146. चार गुणांसाठी आणखी सहा महिने गेले. त्या जूनमध्ये आईने फोनवर विचारलं होतं, "दवाखान्यात जेवायला देतात का रे?" मी हो म्हणालो. तिसऱ्या खेपेला 158 पडले. मग इथे एक वर्षाची इंटर्नशिप, तीही बिनपगारी. 2008 ला गेलेला मुलगा 2017 ला पहिला पगार घरी आणतो, हे गणित त्या कागदावर नसतं. आजही या परीक्षेला बसणाऱ्या शंभरातले तीससुद्धा बहुतेक वेळा पास होत नाहीत. आपली सई हुशार आहे. मीही काही मठ्ठ नव्हतो.

पैशाचंही बोलू. मी गेलो तेव्हा डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता. शेवटच्या वर्षाची फी भरायची वेळ आली आणि ऑगस्ट 2013 मध्ये तो 68 वर गेला. फी डॉलरमध्ये तेवढीच, रुपयांत दीडपट. तुम्ही म्हणालात, "पतसंस्थेतून घेतलेत, तू काळजी करू नकोस."

बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही घर गहाण टाकायचं बोललात तेव्हा माझ्या मनात आलं, घर कशाला, मंगळवेढ्याची जमीन आहे की. माझ्या शैक्षणिक कर्जाच्या फाइलीत जुना उतारा होता, त्यावरचा गट नंबर टाकून मी सातबारा ऑनलाइन काढला. त्यावर तुमचं नाव नाही. फेरफार 2013 चा आहे.

मी त्या कागदाकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. दर वर्षी ज्वारीचं पोतं येतं ना आपल्याकडे, "आपल्या रानातली मालदांडी" म्हणून? मला इथेसुद्धा एसटीने पाठवता. मी इथल्या नर्सबाईंना भाकरी खाऊ घालताना सांगतो, ही आमच्या शेतातली. बारा-तेरा वर्षं तुम्ही बाजारातून ज्वारी विकत आणून मला शेताची म्हणून पाठवताय, आणि आई, तुलाही हे माहीत असणार. मला राग आलेला नाही. मीही दिल्लीतल्या हॉस्पिटलची गोष्ट तुम्हाला दीड वर्ष सांगतच होतो. पण जमीन गेली ती माझ्यापायी गेली, आता घर सईपायी जाऊ द्यायचं नाही. ती मुलगी घर गहाण आहे हे ओझं घेऊन पुस्तक उघडणार. मला नुसतं कर्ज माहीत होतं, तरी 146 चा निकाल बघून मी काय काय विचार केला ते लिहवत नाही.

मग काय करायचं? एक, घाई करायची नाही. सीट संपतील म्हणून ते लोक दम देतात, पण परदेशी प्रवेशासाठी 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेचा निकाल तीन वर्षं चालतो. सई यंदा गेली नाही तरी हेच गुण घेऊन पुढच्या वर्षी जाऊ शकते. आपलं मात्र एकदा पैसे भरले की परत फिरणं होत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलेलीच दिसत नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर. मेडिकललाही, आणि खासगी कॉलेजातही. अट एकच, प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश कक्षाच्या, सरकारी फेऱ्यांतून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर नाही. दादाचा टॉवेल कारखान्यातला पगार आठ लाखांच्या पुष्कळ आत आहे. म्हणजे सईला शेवटच्या फेरीत एखादं खासगी कॉलेज लागलं, मग ते आपल्या कुंभारीचं असो की लांब कुठे विदर्भातलं, तर आपल्याला मुख्यतः राहण्याजेवणाचा आणि इतर फीचाच खर्च. आणि आपण अजून तिचे पसंतीक्रमसुद्धा भरलेले नाहीत!

आपल्या सोलापूरच्या सरकारी व्ही. एम. मेडिकलला 200 जागा आहेत, पण 2020 पासून विभागवार आरक्षण गेलंय, त्यामुळे सोलापूरची म्हणून तिला तिथे वेगळी सवलत नाही. यंदाच्या गुणांवर ते कठीण आहे, मी खोटी आशा लावत नाही. पण तिने एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा दिली तर? तिची केमिस्ट्री गेली, बायोलॉजी नाही. वर्ष वाया जाईल म्हणता, पण माझं गौतमनगरमधलं दीड वर्ष तर कुणाच्या हिशेबातच नव्हतं.

मी व्ही. एम. चं नाव पुन्हा पुन्हा काढतो त्याचं कारण नुसती फी नाही. कोर्टासमोरच्या त्या सिव्हिलच्या ओपीडीत एकदा सकाळी जाऊन उभे राहा. मराठी, कानडी, तेलुगू आणि आपली सोलापुरी उर्दू, सगळं एकाच रांगेत ऐकू येतं. सई अक्कलकोटच्या आजीशी कानडीत भांडते. शाळेत निम्म्या मैत्रिणी तेलुगू. दुखतंय हे कुणी कानडीत "नोवु" म्हटलं काय नि तेलुगूत "नोप्पी" म्हटलं काय, तिला दुभाष्या लागणार नाही. मला इथे सुरगाण्यात आल्यावर पहिल्यांदा कळलं की डॉक्टर होणं म्हणजे काय. साप चावलेल्या पोराची आई तिच्या बोलीत सांगत होती आणि मला ते कळत होतं. सईला हे पहिल्याच वर्षापासून मिळू शकतं.

आणि इतकं करूनही ती परदेशीच जाते म्हणाली, तर मी आडवा येणार नाही, सोबत बसून कॉलेज बघेन. पण मग त्या एजंटाकडून हे कागदावर घ्यायचं: शिक्षण निदान 54 महिन्यांचं आहे का, 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत होते का, आणि ती पदवी घेऊन त्या देशात प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का. नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे यातली एक जरी गोष्ट नसेल तरी इथे रजिस्ट्रेशन मिळत नाही. वर इथली परीक्षा, इथली आणखी 12 महिने इंटर्नशिप, आणि सगळं मिळून दहा वर्षांत. युक्रेनमधून फेब्रुवारी-मार्च 2022 मध्ये जी मुलं अर्धं शिक्षण टाकून परत आली, त्यांच्या आईबापांनीही सगळं नीट विचारूनच पाठवलं असेल, हेही मनात असू द्या. तो एजंट यातलं काय लिहून देतो ते बघा. तोंडी काही ऐकू नका.

मी येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो. तोवर दादाला सांगा, सईचं नॉन-क्रीमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला सेतूमध्ये टाकून ठेव, ऐनवेळी रांगा लागतात. घराची फाइल कपाटात परत ठेवा. सईला म्हणावं, काकाशी बोलल्याशिवाय कुठे सही करू नकोस, आणि तिला हे पत्र वाचायला द्यायला माझी हरकत नाही. 131 आणि 146 सकट.

बाबा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? चार दिवसांची रीडिंग वहीत लिहून ठेवा. आई, पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणून सगळे हंडे एकटी भरत बसू नकोस, गुडघा पुन्हा सुजेल.

यंदा ज्वारी पाठवू नका. रविवारी सकाळी आपण दोघं मंगळवेढ्याला जाऊ, बाजारातून पोतं घेऊ, आणि येताना बांधावर थोडा वेळ उभे राहू. आता कुणाचं आहे ते रान, ते मला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

तुमचा,
धाकटा