बोट मागे का जाते

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. थीम पार्कांनी चित्रपटांच्या ओसरीवर बसणे सोडून द्यावे आणि स्वतःच्या कल्पनेवर जगावे, असे तू लिहिले आहेस, आणि तेही इतक्या त्वेषाने, की उत्तर लिहायला बसायलाच मला आठवडा लागला. दहा वर्षांपूर्वी हेच म्हणणे मी तुला ऐकवले असते, कदाचित तुझ्याहून कठोर शब्दांत. आज मला त्यातले अर्धेच पटते, आणि ते अर्धे कोणते हे नीट सांगायचे म्हणून पत्र लांबणार आहे.

तू ज्या जुन्या काळाचे दाखले देतोस, तो काळ तितका सोवळा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा स्नो व्हाइट आणि पीटर पॅन यांच्या चित्रपटांवर बेतलेल्या राइड तेथे सुरुवातीपासूनच होत्या. पार्कच्या मधोमध जो किल्ला उभा होता, त्याला ज्या निद्रिस्त राजकन्येचे नाव दिले होते, तिचा चित्रपट तर १९५९ मध्ये पडद्यावर आला. म्हणजे साडेतीन वर्षे तो किल्ला न आलेल्या चित्रपटाची जाहिरातच करत उभा होता. त्याच १९५९ मध्ये तेथे मॅटरहॉर्न पर्वताच्या आकाराचा रोलर कोस्टर उभारला गेला. पोलादी नळ्यांच्या रुळांवरून धावणारा पहिला रोलर कोस्टर म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, पण त्याची कल्पना सुचली ती आल्प्समध्ये चित्रीकरण चाललेल्या, गिर्यारोहणावरच्या एका चित्रपटामुळे. तो चित्रपट आता क्वचितच कोणाला आठवतो आणि पर्वत मात्र जागच्या जागी आहे. मग ही राइड चित्रपटाची म्हणायची, की पार्कची स्वतःची? मला वाटते, ज्या दिवशी लोकांना हा प्रश्न पडेनासा होतो, त्या दिवशी राइड स्वतःच्या पायांवर उभी राहिलेली असते.

आता तुझ्या लाडक्या चाच्यांकडे, म्हणजे डिस्नेलँडमधल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राइडकडे येतो. आपण दोघे त्या बोटीत बसलो होतो, ते तुला आठवत असेलच. दलदलीवर रात्र उतरलेली, काजवे चमकत असलेले, एका झोपडीच्या ओट्यावर म्हातारा झुलत्या खुर्चीत बसलेला, कोठून तरी बॅन्जोचे सूर येत असलेले. आणि काहीच घडत नसल्यामुळे तू माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलेस, एवढ्यात बोट अंधारात खाली कोसळली. त्यानंतर गुहा, सांगाडे, किल्ल्यावर तोफा डागणारे जहाज, पेटलेले गाव, आणि तोंडात किल्ल्यांचा जुडगा धरून बसलेल्या कुत्र्याला गजांआडून चुचकारणारे ते कैदी. जवळपास पंधरा मिनिटांच्या त्या प्रवासात एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली जात नाही. आरंभी तर तेथे बोटीही नसणार होत्या. लोकांनी चालत चालत पाहावे असे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय योजले होते. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बोटींतून हजारो माणसे सुरळीत नेता येतात हे दिसले, तेव्हा योजना बदलली. डिस्नेच्या कलाकारांपैकी मार्क डेव्हिस यांनी माणसांचे विनोदी प्रसंग रेखाटले, क्लॉड कोट्स यांनी वातावरण उभे केले, एक्स अटेन्शिओ यांनी संवाद आणि गाणे लिहिले, आणि १८ मार्च १९६७ रोजी राइड खुली झाली. तोवर वॉल्ट डिस्ने यांना जाऊन तीन महिने झाले होते. माणसांचे आवाज एकमेकांत मिसळून काहीच नीट ऐकू येत नाही अशी तक्रार झाली, तेव्हा मेजवानीतही असेच कानावर तुटक तुटक पडत असते आणि उरलेले ऐकायला लोक पुन्हा येतील, असे डिस्ने यांनी हयातीतच समजावले होते म्हणतात. प्रसंग खरा असो वा रचलेला, त्यातला विचार मला पक्का वाटतो. राइडमध्ये कथानकापेक्षा जागा महत्त्वाची असते, आणि कथानक एकदा कळले की संपते, जागेत मात्र माणूस पुनःपुन्हा जातो.

पुढचे तुला ठाऊकच आहे. २००३ मध्ये या राइडवरून चित्रपट निघाला, त्यात तो किल्ल्या धरणारा कुत्राही गेला, चित्रपट तुफान चालला, आणि २००६ मध्ये चित्रपटाचा नायक उलट राइडमध्ये येऊन बसला. तुला त्याचा राग येतो. मला राग येत नाही, थोडे वाईट वाटते. आणि त्याचे कारण त्या पुतळ्याची कारागिरी नव्हे, ती उत्तमच आहे. पूर्वी त्या गावात कोणीही नायक नव्हता, म्हणून बोटीत बसलेला प्रत्येक जण स्वतःच गावात शिरलेला असे. आता एक माणूस प्रत्येक वळणावर डोकावतो आणि आपण त्याला शोधत बसतो. पाहुणा होता त्याचा प्रेक्षक झाला.

माझ्या मते खरी वाटणी येथे होते. ‘स्वतःची’ आणि ‘उसनी’ ही नावे वरवरची आहेत. काही कथांमध्ये आपल्याला एखाद्या ठिकाणी जावेसे वाटते आणि काही कथांमध्ये केवळ एखाद्या पात्राला भेटावेसे वाटते. हॅरी पॉटरच्या वाचकांना त्या शाळेत, त्या गल्लीत, त्या दुकानांत जायचेच होते. पुस्तके वाचतानाच त्यांच्या मनात तेथे जाण्याची ओढ तयार झालेली होती, आणि १८ जून २०१० रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत युनिव्हर्सल या डिस्नेच्या प्रतिस्पर्ध्याने ती जागा उघडली, तेव्हा तेथे राइडइतकेच लोक नुसते भटकण्यात रमले. उलट, २०११ मध्ये कॅलिफोर्नियात जलपरीच्या चित्रपटाची जी राइड आली, ती आठव. गाणी गोड, पुतळे सुरेख, पण शिंपल्यात बसून आपण चित्रपटाचा सारांश पाहत जातो, शाळेत पुस्तकाचा गोषवारा लिहायला सांगत तसा, आणि सारी भीती ज्या खलनायिकेमुळे आहे, तिचा शेवट मान वळवेपर्यंत उरकलेला असतो. चित्रपट पाहिलेल्याला त्यात नवे काही मिळत नाही आणि न पाहिलेल्याला काही कळत नाही.

‘स्वतःची कल्पना’ हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हेही तुला मान्य करावे लागेल. डिस्नेलँडच्या शेजारी २००१ मध्ये जे दुसरे पार्क उघडले, ते चित्रपटांपासून बऱ्यापैकी दूर होते; विषय होता खुद्द कॅलिफोर्निया. ज्या राज्यात लोक उभे होते, त्याच राज्याची छोटी नक्कल पाहायला त्यांनी तिकीट का काढावे, हे कोणालाच पटवून देता आले नाही. हॉलिवूडमधल्या लिमोझिनची एक राइड तर वर्षभरही टिकली नाही. त्या पार्कला जीव आला तो २०१२ मध्ये, मोटारींच्या चित्रपटातले अख्खे गाव, त्यामागच्या लाल कड्यांसह, तेथे उभारल्यावर. संध्याकाळी त्या रस्त्यावरचे निऑन दिवे लागतात तेव्हा चित्रपट न पाहिलेला माणूसही थबकतो. उसन्या कथेने जागा दिली, आणि स्वतःच्या कल्पनेला ती देता आली नव्हती.

तुझ्या पत्रात तू ‘टॉवर ऑफ टेरर’चा उल्लेख केलास आणि मला माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा आयता दिलास. यंत्र एकच आहे: बंद लिफ्ट, आणि तिचे खाली कोसळणे. फ्लोरिडात १९९४ मध्ये त्यावर एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेची कथा चढवली गेली. २००६ मध्ये टोकियो डिस्नेसीमध्ये तेच यंत्र आले, पण मालिकेचे नाव मागे ठेवून तेथील पार्कासाठी स्वतंत्र कथा रचली गेली: देशोदेशींच्या मूर्ती लुबाडून आणणारा एक धनाढ्य हॉटेलमालक, त्याने पळवलेली एक शापित मूर्ती, आणि त्याचे गूढरीत्या नाहीसे होणे. आणि कॅलिफोर्नियातली प्रत जानेवारी २०१७ मध्ये बंद होऊन त्याच वर्षी मे महिन्यात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ या चित्रपटांची झाली. तिन्हींपैकी टोकियोची कथा मला सर्वांत आवडते, कारण रांगेत उभे असतानाच त्या माणसाच्या लोभाची खोली आपल्याला कळत जाते. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, सर्वांत जास्त हसू कॅलिफोर्नियातल्या नव्या राइडमध्ये येते; दर खेपेला गाणे बदलते आणि गाण्याबरोबर लिफ्टचे वरखाली होणेही. गेली ती इमारत. पूर्वी दुरून दिसणारे ते ओसाड हॉटेल पाहूनच पोटात गोळा येई; आता तेथे नळ्यापाइपांचा एक रंगीत गड आहे, आणि तो आजूबाजूच्या कशाशीच बोलत नाही. राइड सुधारली आणि पार्क बिघडले, असेही होऊ शकते, हे मला तेथे पहिल्यांदा कळले.

व्यवस्थापकांना चित्रपट का हवे असतात, यावर तू दोन पाने खर्च केलीस. मी दोन-तीन वाक्यांत आवरतो. मोठी राइड उभारायला वर्षे लागतात, पैसा अफाट लागतो, आणि एकदा काँक्रीट ओतले की माघार नसते. अशा वेळी ज्या नावाची ओळख कोणालाच करून द्यावी लागत नाही, ते नाव निवडणे हा भित्रेपणा असला तरी मूर्खपणा नाही. मात्र उसनवारीचीही किंमत असते, आणि ती फक्त पैशांत मोजली जात नाही. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल ही सुपरहिरोंची कंपनी विकत घेतली, तरी ऑर्लँडोतले मार्व्हलचे बेट आजही युनिव्हर्सलकडेच आहे, कारण त्याचा करार त्याआधीचा आहे. स्वतःच्या मालकीच्या नायकांपैकी कित्येकांना डिस्नेला तेथील स्वतःच्या पार्कांत उभे करता येत नाही. शिवाय चित्रपटही म्हातारे होतातच. युनिव्हर्सलमध्ये शार्कची राइड २ जानेवारी २०१२ रोजी बंद झाली आणि तिच्या जागी २०१४ मध्ये हॅरी पॉटरची गल्ली आली. ‘बॅक टू द फ्यूचर’ची राइड तर त्याआधीच सिम्प्सन कुटुंबाला जागा देऊन गेली होती. चित्रपटाचे नाव म्हणजे दीर्घायुष्याची हमी, असे मानणाऱ्यांनी ही यादी समोर ठेवावी.

नेदरलँड्समधले एफ्टेलिंग पार्क पाहिल्यापासून माझ्या मनात एक वेगळेच माप तयार झाले आहे. १९५२ मध्ये चित्रकार अँटोन पीक यांच्या रेखाटनांवरून तेथे परीकथांचे वन उभे राहिले. परीकथाही उसन्याच म्हणायच्या, पण त्या कोणा स्टुडिओकडून भाड्याने आणलेल्या नव्हेत. नंतर त्या पार्काने स्वतःचा विदूषक घडवला आणि २०१७ मध्ये त्याच्यासाठी ‘सिम्बोलिका’ नावाचा आख्खा राजवाडा बांधला. तेथला १९७८ चा भुतांचा किल्ला जीर्ण झाल्यावर २०२२ मध्ये पाडला गेला, तेव्हा अनेकांनी डोळे पुसले. पण २०२४ मध्ये त्या जागी जी नवी राइड आली, तिला नाव दिले गेले ‘डान्स मकाब्र’. जुन्या किल्ल्यात वर्षानुवर्षे वाजत आलेली, संगीतकार सँ-साँस यांची तीच रचना. भिंती गेल्या, यंत्र नवे आले, सूर राहिला. बदल हवा की नको हा वादच तेथे गौण ठरला, कारण काय ठेवायचे हे त्यांनी आधी ठरवले होते.

आणि आता तुझ्या म्हणण्यातला जो अर्धा भाग मला पटतो, त्याकडे येतो. माझी तक्रार नव्या चित्रपट-राइडांबद्दल नाही; त्या कोणत्या जागेत घुसवल्या जातात, याबद्दल आहे. फ्लोरिडातले डिस्नेचे एपकॉट पार्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले, तेव्हा तेथे कार्टूनमधली पात्रे मुद्दाम ठेवलेली नव्हती. पार्काचा विषय होता खरे जग आणि त्याचे भविष्य. तेथल्या नॉर्वेच्या दालनात १९८८ मध्ये ‘मेलस्ट्रॉम’ ही बोटीची राइड सुरू झाली. ट्रोल (तिकडच्या लोककथांतले राक्षस), ध्रुवीय अस्वले आणि शेवटी उत्तर समुद्रातला तेलाचा मनोरा अशी ती विचित्र खिचडी होती, आणि राइडनंतर दाखवला जाणारा नॉर्वेवरचा माहितीपट टाळून बहुतेक लोक सरळ दाराबाहेर पडत. ती महान राइड होती असे मी म्हणणार नाही. पण ती एका खऱ्या देशाविषयी होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती बंद झाली आणि जून २०१६ मध्ये तेथे ‘फ्रोझन’ या चित्रपटाची राइड आली, म्हणजे नॉर्वेच्या दालनात आता एक काल्पनिक राज्य नांदते आहे. हीच राइड पलीकडच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्याच पार्कात असती, तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पात्रे येण्यावर माझा आक्षेप नाही, यजमानालाच घराबाहेर काढून पाहुण्याने पाटावर बसण्यावर आहे.

तू विचारले आहेस की, त्या राइडमध्ये पुन्हा बसेन का. बसेन. तुला कदाचित ठाऊक नसेल, पाण्याचा मार्ग अजून तोच आहे आणि बोटीही बहुतांशी त्याच वाटेने जातात. एका वळणावर ‘मेलस्ट्रॉम’ची बोट अचानक मागे जाऊ लागे, कारण चिडलेला ट्रोल तिला शाप देई. आजही त्याच वळणावर बोट मागे जाते. आता कारण वेगळे आहे: राणी गाणे गात हात उंचावते आणि आपण मागे ढकलले जातो. माझ्या पुढच्या बाकावर बसलेली एक चिमुरडी त्या क्षणी आनंदाने ओरडली, आणि मी मात्र अंधारात डावीकडे मान वळवून ट्रोल शोधत होतो.

घरी सर्वांना नमस्कार सांग. टोकियोच्या त्या हॉटेलमालकाबद्दल तुझे काय म्हणणे आहे, ते सविस्तर कळव.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
जुना सोबती