जोडलेल्या गिटारचं वय

महोदय,

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींवरचा आपला लेख वाचला. वेगवेगळ्या सालांचे भाग जोडलेली गिटार म्हणजे बनावट, हे त्यातलं मत मला अजिबात पटलं नाही.

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' ही गिटार अशीच जोडलेली. १९७० मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला त्यांनी फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी घेतल्या. तीन मित्रांना दिल्या, उरलेल्या तिघींतले उत्तम भाग निवडून एक बांधून घेतली. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. ती जोडलेली आहे हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे.

मी दादरला गिटारी दुरुस्त करतो. गेल्या वर्षी एक मुलगा '१९६३ची' फेंडर घेऊन आला. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. फेंडरची नेक, म्हणजे गिटारची लांब मान, सहसा चार स्क्रूंवर बसते, त्यामुळे अदलाबदल सोपी. आतल्या व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावर, आकडे होते १३७७६३३. पहिले तीन बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे साल आणि आठवडा: १९७६, तेहतिसावा. बॉडी मात्र खरोखर जुनी, आणि आवाज इतका गोड की मी अर्धा तास वाजवत बसलो. गिटार जोडलेली आहे हे त्या मुलाला सांगताना माझा घसा दाटून आला.

विकणाऱ्याने नेक, बॉडी, पिकअप (तारांचा आवाज टिपणारा भाग), पॉट, प्रत्येकाचं साल बिलावर लिहून द्यावं. अशी गिटार मी स्वतः आनंदाने विकत घेईन, जोडलेल्या गिटारच्या रास्त भावात.

– एक गिटार कारागीर, दादर, मुंबई